अकरा मिनिटांचा हिशोब

आमच्या गावात कुणाला खोकल्याची उबळ आली की शेजारी बसलेला म्हणतो, "विहित मर्यादेत आहे, घाबरू नको." खोकणाराही हसतो आणि हसता हसता पुन्हा खोकतो. हा विनोद कळल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही, म्हणून आधी त्याची जन्मकथा.

गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, खाणपट्ट्यातलं. नाव देत नाही. ज्यांचं हे प्रकरण त्यांनी याच अटीवर लिहायला होकार दिला. इथे माझी पंचवीस वर्षं फार्मसी आहे. 2012 च्या सप्टेंबरात राज्यातल्या खाणी बंद पडल्या, त्याआधीची काही वर्षं चीनला जाणाऱ्या मालाची होती. खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक माझ्या दारावरून मांडवीच्या जेटीकडे जायचे, तिथून बार्जने मुरगावला. सकाळी पुसलेली काच दुपारी तांबडी. गोळ्यांच्या पाकिटांवर बोट फिरवलं की गेरूत बुडवल्यासारखं निघायचं. आम्ही आठ-दहा दुकानदारांनी एका सरकारी कचेरीला अर्ज केला. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: धुळीचं प्रमाण विहित मर्यादेत आढळलं. मोजायला कोण आलं, कधी आलं, यंत्र रस्त्याकडेला लावलं की डोंगरापलीकडे, त्या दिवशी पाऊस होता का, यातलं काही नाही. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचला आणि वाक्य गावाचं झालं.

हे प्रकरण एका निवृत्त ट्रकचालकाचं. वय 74. गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो. तीस वर्षं खाणीवर ट्रक, त्याहून जास्त वर्षं विडी, आणि त्याहूनही आधीपासून भजन. श्रावणातल्या सप्ताहात आमच्या वाड्याची पाळी पहाटेची असते. ती मामांच्या आवाजाशिवाय कधी उभी राहिली नाही.

31 मे, देवळाचा मंडप

2025 साली पाऊस मेमध्येच आला. 31 मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन, शनिवार होता. देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम ठेवला होता. आरोग्यसेविका पंचविशीची मुलगी, तालुक्यातलीच. तिने पोस्टरं खांबांना सुतळीने बांधली होती आणि वाऱ्याने ती सारखी उलटी व्हायची. पुढच्या खुर्च्यांवर बचत गटाच्या बायका, ज्या विडी ओढत नाहीत. जे ओढतात ते मागे, कठड्यावर. अशा कार्यक्रमांत हे नेहमीचंच.

एका पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं: एक सिगारेट म्हणजे आयुष्यातली 11 मिनिटं कमी.

मामांनी कठड्यावरूनच हात वर केला. "बाय, माझा हिशोब करून दे. दिवसाला वीस विड्या, पन्नास वर्षं."

मुलगी गोंधळली. शाळेजवळ विडी-सिगारेटचा गाडा चालवणारा आमचा एक जण मामांच्या शेजारीच होता. त्याने मोबाइल काढला. वीस गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले पन्नास: तीन लाख पासष्ट हजार विड्या. गुणिले अकरा: चाळीस लाख पंधरा हजार मिनिटं. मग तासांत, दिवसांत, वर्षांत. मंडपात सगळे गप्प, भागाकार चालू. "साडेसात वर्षं. थोडी वरच."

"हां. म्हणजे नव्वदला जाणारा मी ब्याऐंशीला जाणार. चालेल की!" मंडप हसला.

एवढ्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला की डिसेंबरात पेपरात 11 नव्हे, 20 मिनिटं छापून आलं होतं. गाडेवाल्याने पुन्हा गुणाकार मारला. जवळजवळ चौदा वर्षं.

मामा उठून उभे राहिले. "भिंतीवर साडेसात, पेपरात चौदा. मधली सहा वर्षं कुठल्या खात्याने खाल्ली?"

हशा थांबेना. मुलीचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण हसलो मीही. मग मामा एकदम हसायचे थांबले आणि ज्या आवाजात पहाटे अभंग उचलतात त्या आवाजात म्हणाले, "ट्रक चालू होते तेव्हा आम्ही धुळीचं विचारलं, तर विहित मर्यादेत. आता विडीचं आम्ही विचारलंच नाही, तर तुम्ही पोस्टर घेऊन आलात. ती धूळ फुप्फुसात गेली नाही, फक्त धूर गेला?"

आता ती माहितीपत्रक वाचून दाखवणार, असं मला वाटलं. तिने तसं केलं नाही. म्हणाली, "मामा, मला माहीत नाही. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या बसच्या खिडक्या उघडू देत नसत, एवढंच आठवतं."

मंडपात कुणी काही बोललं नाही. मामा तपासणीला थांबले नाहीत. ते गाड्यावर गेले. तिथे 'धूम्रपान निषिद्ध' असा पत्र्याचा फलक आहे आणि त्याच्याच खिळ्याला नायलॉनच्या दोरीने लायटर टांगलेला आहे. त्यांनी विडी पेटवली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करायची नाही असं 2003 चा कायदा सांगतो. आमचा गाडा किती यार्डांवर आहे ते मी मोजलेलं नाही. कुणीच मोजत नाही.

आकडा खोटा नव्हता

दुकान बंद केल्यावर त्या रात्री मी तो 11 मिनिटांचा धागा उकलत बसलो. हा आकडा 2000 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या एका छोट्या पत्रातून आला. ओढणारा आणि न ओढणारा ब्रिटिश पुरुष यांच्या आयुर्मानात साडेसहा वर्षांचं अंतर होतं. ओढणाऱ्याने सतराव्या वर्षी सुरुवात केली, वर्षाला सरासरी 5,772 सिगारेटी ओढल्या आणि तो एकाहत्तराव्या वर्षी गेला असं धरलं, तर एकूण होतात 3,11,688. साडेसहा वर्षांच्या मिनिटांना या संख्येने भागलं की उत्तर 11. बस, एवढंच. तो शाळकरी भागाकार आहे. एकेका सिगारेटने कापलेली मिनिटं घड्याळ लावून कुणी मोजलेली नाहीत. 2024 च्या डिसेंबरात लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी ताज्या माहितीवर तोच भागाकार पुन्हा केला. पुरुषांसाठी 17 आणि बायकांसाठी 22, म्हणून मथळ्यात सरासरी 20. मधली सहा वर्षं कुणी खाल्ली नव्हती. ज्यांच्यावरून हिशोब केला ती माणसं बदलली होती.

गंमत अशी की मामांचा चेष्टेतला गुणाकार फारसा चुकला नव्हता. भारतातल्या अकरा लाख घरांतल्या मृत्यूंचा जो मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांची सरासरी सहा आणि सिगारेट ओढणाऱ्यांची दहा वर्षं गेलेली दिसली. साडेसात या दोन्हींच्या मधे येतात. म्हणजे पोस्टर चुकीचं नव्हतं. ते अर्धवट होतं. आकडा कुठून आला हे लिहिलं असतं आणि सरासरी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगितलं असतं, तर मामांना तो पकडता आला नसता. सरासरी साडेसात म्हणजे प्रत्येकाची साडेसात नव्हेत. काहींचं फारसं काही जात नाही आणि काहींची पंचवीस जातात. आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते असं प्रत्येक वाड्यावर कुणी तरी सांगतो आणि ते खरंच असतं. पण पन्नाशीत गेलेले काका गाड्यावर बसून स्वतःचा दाखला द्यायला येत नाहीत.

आणि हे सरकार कोण? लंडनचे संशोधक, पेपरचा मथळा छापणारा, पोस्टर छापणारं खातं, ती मुलगी आणि पंधरा वर्षांपूर्वी एका ओळीचं उत्तर पाठवणारी कचेरी, मामांच्या लेखी सगळे मिळून एकच इसम. तो इसम एकदा खोटं बोलला की पुढचं सगळं त्याच खात्यावर चढतं. गाड्यावरच्या उधारीच्या वहीसारखंच. जुनी बाकी मिटवल्याशिवाय नवा माल मिळत नाही.

हा अविश्वास अडाणी आहे असं मी म्हणणार नाही. त्याला आधार आहेत. 1996 चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला आणि आम्ही तो सरकारी दूरदर्शनवर पाहिला. त्याच वर्षी गोव्यातल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात आला. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेले सामने पाहून मुलांची तंबाखू चाखून बघण्याची शक्यता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. डॉ. शरद वैद्य आणि त्यांचे सहकारी हे इथलेच. गोव्याने थुंकणं-ओढणं बंदीचा स्वतःचा कायदा 1997 साली केला, देशाच्या कायद्याच्या आधी, त्यामागेही वैद्यांचा रेटा होता. पण दुसरीकडे सरकारच्या मालकीच्या आयुर्विमा महामंडळाकडे देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे भरपूर समभाग आहेत, आणि त्यावरून 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. 2015 साली तर पाकिटावरचं धोक्याचं चित्र 85 टक्के जागेवर छापायचा नियम ऐन वेळी अडला. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यासच नाही, असं संसदीय समितीचे अध्यक्ष, आपले अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले. पण मुंबईतल्या पन्नास हजारांवर लोकांची पाहणी करून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यू जास्त होतात हे 2000 सालीच छापून आलं होतं. ते चित्र अखेर एप्रिल 2016 पासून आलं. आता सांगा, कठड्यावरच्या माणसाने कुठल्या सरकारवर विश्वास ठेवायचा?

गाडेवाल्याची शंका वेगळीच. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण देशात 28.6 टक्के आणि गोव्यात सगळ्यांत कमी, 9.7 टक्के. हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग माझा माल कोण ओढतो, म्हशी?" त्याला समजावलं की ती पाहणी घरोघर जाऊन पंधरा वर्षांवरच्या माणसांची केलेली असते. पर्यटक विक्रीत दिसतो, पाहणीत नाही. शिवाय घरी पाहणीला आलेल्या परक्या मुलीला कोणती सून सांगेल की मी मशेरी लावते? त्याने ऐकून घेतलं. पटलं की नाही, ठाऊक नाही.

दुसऱ्याचा धूर

मंडपातला तो कॉलेजचा मुलगा दोन दिवसांनी दुकानात आला. शेजाऱ्याच्या धुराने कर्करोग होतो ही थाप आहे, अमेरिकेच्या कोर्टानेच ती फेटाळली, असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं. अर्धं खरं होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी 1993 मध्ये दुसऱ्याच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. 1998 मध्ये एका संघीय न्यायाधीशाने त्या अहवालावर ताशेरे ओढून तो भाग रद्द केला. संस्थेने आकडेमोडीत 95 ऐवजी 90 टक्के खात्रीचा निकष धरला होता, यावर टीका झाली आणि ती वाजवी होती असं माझं मत आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. 2002 मध्ये वरच्या कोर्टाने तो निकालच काढून टाकला. त्याच्या कितीतरी आधी, 1981 साली, जपानमध्ये स्वतः न ओढणाऱ्या 91 हजारांवर बायकांचा अभ्यास होऊन नवऱ्याच्या धुराचा धोका दिसला होता, आणि पुढे इतर देशांतूनही तेच येत गेलं.

मी त्याला आकडे दिले. स्वतः ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या पंधरा ते तीस पट. ओढणाऱ्यासोबत राहणाऱ्याला वीस ते तीस टक्के जास्त. दोन्ही खरे, पण एक डोंगर आणि एक वारूळ. दोन्ही एकाच पोस्टरवर एकाच मापाच्या अक्षरांत छापले की वारूळ बघून आलेला माणूस डोंगरही नाकारतो. एका सिगारेट कंपनीच्या 1969 च्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलं आहे की संशय हाच आमचा माल. त्या मालाला आपलीच पोस्टरं गिऱ्हाईक मिळवून देतात.

आणि मी? हिशोब मांडतोय तर माझंही नाव लिहायला हवं. पंचवीस वर्षं मामांना खोकल्याची बाटली मीच विकली. महिन्याला एक, पावसात दोन. किती विड्या, असं एकदाही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असं विचारलं तर तो पुढच्या दुकानात जातो, हे कुणालाही न विचारता मी ठरवून टाकलं होतं.

पहाटेची पाळी

श्रावणात सप्ताह लागला. आमची पाळी तीन ते सहा. समया तेवत होत्या, पखवाज लागला होता, मामांनी अभंग उचलला. पहिलं चरण नेहमीसारखं. दुसऱ्या चरणात वर जाऊन ठेहरायची एक जागा आहे. वर्षानुवर्षं मामा तिथे थांबतात आणि टाळकरी डोळे मिटून वाट बघतात. मामा वर गेले आणि सूर मधेच सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलाच नाही. धाकट्या भाच्याने ओळ उचलली, पखवाजवाल्याने लय सांभाळली, कुणी काही दाखवलं नाही. मामा टाळ वाजवत राहिले, मान खाली घालून. नंतर चहाच्या वेळी कुणी "विहित मर्यादेत" म्हणालं नाही.

चौथ्या दिवशी ते दुकानात आले. बाटली मागितली नाही. म्हणाले, "भाई, ती बाय त्या दिवशी माहीत नाही म्हणाली ना? तिचा नंबर आहे?"

मी बराच वेळ विचार करत होतो की हे कसं झालं. पोस्टर चुकलं होतं, हशा झाला होता, कार्यक्रम फसला होता. पण सगळ्या सरकारी इसमांत माहीत नाही म्हणणारी ती पहिलीच निघाली.

तिने त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत गेलो. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. मग फुंकायची नळी. नाक चिमट्याने बंद, पूर्ण श्वास भरायचा आणि जोर लावून सहा सेकंद बाहेर सोडत राहायचा. पन्नास वर्षं अभंग म्हटलेला माणूस, त्यांना वाटलं हा तर पोरखेळ. दुसऱ्या सेकंदाला खोकला आला. तीन वेळा फुंकून चांगली नोंद घेतली: पहिल्या सेकंदात 1.2 लिटर. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाला दोनच्या वर यायला हवं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर रेघ दाखवली, तुमची ही, अपेक्षित ती. इंग्लंडात 2008 साली याच युक्तीचा प्रयोग छापून आला होता. ओढणाऱ्याला त्याच्या फुप्फुसांचं वय सांगितलं तेव्हा वर्षभराने 13.6 टक्के लोकांनी सोडलेलं होतं. ज्यांना नुसता आकडा दिला त्यांच्यात 6.4 टक्के. प्रमाण दुप्पट, पण शंभरातल्या शहाऐंशींनी तरीही सोडली नाही, हेही वाचताना विसरू नये.

मामांनी रेघ पाहिली आणि तोच प्रश्न विचारला. "हे धुळीने की विडीने?"

"दोन्हींनी," डॉक्टर म्हणाले. दगडाच्या धुळीतली सिलिका 1997 पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या यादीत आहे, डिझेलचा धूर 2012 पासून, आणि या फुप्फुसातला कुठला भाग कुणाचा हे वाटून सांगता येत नाही. "पण मामा, तुमची खाण 2012 ला थांबली. विडी चालू आहे."

"खाण मी नव्हती थांबवली," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी यावर काही म्हटलं नाही, फवारा आणि तो ओढायची पद्धत लिहून दिली. परतीच्या वाटेवर मामा एकच वाक्य बोलले: हा पहिला माणूस जो धूळ नव्हती असं म्हणाला नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. पाकिटावर 2018 पासून सोडण्यासाठी मदतीचा फोन नंबर छापतात. मामांनी तो लावला नाही, सरकारी आहे म्हणून. मी 2 मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम दिलं. ते चघळत राहायचं नसतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी पानासारखं चावलं आणि उचकी लागली म्हणून परत आणून दिलं. पुन्हा शिकवलं. विड्यांचं कट्टं विकत घेणं बंद केलं, पण गाडेवाला सुट्या देतो, आणि सुट्या विडीवर कुठलं चित्र नसतं. आरोग्यसेविका पंधरवड्याने येते. नवीन पोस्टर तिने आणलेलं नाही. आता ती वहीत माणसाचं नाव लिहून त्यापुढे नळीतला आकडा लिहिते. गावातल्या सात जणांनी फुंकून घेतलं आहे. त्यातले पाच जण जुने ट्रकवाले, आणि सगळ्यांनी आधी धुळीचं विचारलं. लिलावानंतर तालुक्यात पुन्हा खाणी सुरू होत आहेत. आता यंत्र कुठे लावणार, असं एका ग्रामसभेत विचारलं गेलं. उत्तराची नोंद इतिवृत्तात आहे, यंत्र अजून दिसलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मामा च्युइंगमची पट्टी घ्यायला आले. मी विचारलं, आता दिवसाला किती?

"चार." मग काउंटरच्या काचेखाली पिवळ्या पडलेल्या त्या कागदाकडे बघितलं. "विहित मर्यादेत."

मी हसलो नाही, तेही नाहीत. पट्टीचे पैसे दिले, छत्री उघडली. पाऊस होता.